डोंगरावरचे सहा आंधळे कॅमेरे

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काहीही संबंध नाही अशा बहुसंख्य वाचकांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एकाच गुन्ह्याची माफी तीन वेगवेगळ्या इसमांनी, कसलाही धाक न दाखवता, चहा यायच्या आत मागितल्याची घटना प्रस्तुत लेखकाच्या कारकिर्दीत एकदाच घडली आहे. तपास अधिकारी स्वतः लेखक. स्थळ जपान. लेखकाचे तेथील अधिकार शून्य.

पोलिसांच्या आठवणी कशा सुरू होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. ती घटना आजही त्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते वगैरे. माझी घटना डोळ्यांसमोर नाही, उजव्या गुडघ्यात आहे. चढ लागला की ती स्वतःहून जबाब द्यायला लागते.

सत्तावीस वर्षं नोकरी करून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कारण बायकोची बँकेनं टोकियोला बदली केली. हिगाशी-कसाई नावाच्या भागातल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर आमचा संसार मांडला गेला. ती सकाळी ट्रेननं कामावर जायची आणि मी, एके काळी तालुक्याचा कायदा आणि सुव्यवस्था सांभाळलेला माणूस, कचऱ्याचं वर्गीकरण सांभाळायचो. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद. चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी ठेवली की शेजारच्या बाई ती उचलून, हसून, आमच्या दारात परत आणून ठेवायच्या. इतका नम्र अटकेचा प्रकार मी पाहिला नव्हता.

अशा अवस्थेत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. एका विद्यापीठात हरणांवर संशोधन करते. टोकियोच्या उत्तरेला बुलेट ट्रेननं सव्वा तास आणि पुढे बसनं तेवढंच गेलं की तिचं डोंगरातलं गाव येतं.

"मामा, तुम्ही मोकळे आहात का?"

"कागदाचा कचरा गुरुवारी आहे. तोवर मोकळा."

"मस्करी नको. माझी नोकरी जाणार आहे."

खबर देणाऱ्याला आधी पूर्ण बोलू द्यायचं, मध्ये प्रश्न घालायचे नाहीत, हे मी प्रत्येक नव्या ठाणे अंमलदाराला शिकवलं होतं.  तिनं सांगितलेली हकीकत अशी. मोठ्या भूकंपात अणुभट्टी फुटली, त्यानंतर त्या पट्ट्यातल्या हरणाच्या मांसाच्या किरणोत्सारासाठी तपासण्या सुरू झाल्या, विक्री थांबली, आणि बऱ्याच वयस्क शिकाऱ्यांनी बंदुका परत केल्या. हरणांना ही बातमी कोणी सांगावी लागली नाही, ती वाढली. भाताची शेतं, झाडांच्या साली, सगळं फस्त. तर ती किती आहेत आणि कुठून कुठे फिरतात हे मोजायला भाचीनं डोंगरात सहा कॅमेरे झाडांना बांधले होते. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. महिनाअखेरीस ती वर जाऊन फोटो घेऊन यायची. मे महिन्यापासून दर महिन्याला, सहाच्या सहा कॅमेऱ्यांत, दीड दिवसाचं भगदाड. हरीण नाही, ससा नाही. फार तर दोनचार पांढरेफटक फोटो.

"आमचे प्रोफेसर सेन्सेई म्हणतात, एकतर तू सेटिंग चुकवतेस, नाहीतर कोणीतरी कॅमेरे झाकून चोरटी शिकार करतंय. पुढच्या सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. माझी चूक लिहिली तर नोकरीची मुदतवाढ गेली. दुसरं लिहिलं तर विद्यापीठ पोलिसांत तक्रार करणार."

"मग दुसरं लिही."

"मामा, सहाही जागा माहीत असलेली माणसं तीनच. मी, सेन्सेई, आणि आजोबा."

आजोबा म्हणजे तिथले सर्वांत वयोवृद्ध शिकारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. परक्या देशातून आलेल्या या मुलीला डोंगर दाखवला त्यांनी, कॅमेऱ्यांच्या जागा निवडल्या त्यांनी, शिकारी मंडळाकडून परवानगी मिळवून दिली त्यांनी. पुढच्या महिन्यात त्यांच्या बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. त्या वयात स्मरणशक्तीचीही परीक्षा द्यावी लागते. त्यात पोलिसांत तक्रार म्हणजे बंदूक कपाटात गेली ती गेलीच.

"बंदूक गेली तर आजोबा सकाळी उठतील कशाला?" भाची म्हणाली. 

मी बॅग भरायला घेतली. बायको दारात उभी. "अहो, भाचीकडे निघालाय ना? छाप्याला नाही. ती डायरी कशाला?"

"सवय."

"आणि हा दोरीचा गुंडा?"

"पंचनाम्याला."

"परमेश्वरा," ती म्हणाली आणि माझ्या बॅगेत थर्मल पायजमे कोंबले.

शिकारी मंडळाची खोली म्हणजे गावाच्या टोकाला पत्र्याची शेड. आत स्टोव्ह, भिंतीवर केशरी जॅकेटं आणि टोप्या, टेबलावर नुकतंच कापलेलं हरीण. तिघे होते: मंडळाचे अध्यक्ष, टोफू बनवून विकणारे एक गृहस्थ, आणि आजोबा. आजोबा बारीक, ताठ, चेहरा खारकेसारखा. मांसाचे वाटे चालले होते. भाचीनं ओळख करून दिली, मामा, भारतात पोलीस होते. तिघांनी एकदम मान झुकवली आणि अध्यक्षांनी तीनऐवजी पाच वाटे केले. त्या वेळी खोलीत जो असेल त्याला सारखा वाटा, मग त्यानं बंदूक धरलेली असो की नुसती दाराची चौकट. तपास सुरू होण्यापूर्वी संशयितांकडून मांसाचा वाटा मिळालेला मी पहिलाच तपास अधिकारी असेन.

"विचार," मी भाचीला म्हणालो. "कॅमेऱ्यांचं काय झालं, तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

तिनं विचारलं. मी चेहरे पाहत होतो. आमच्याकडे या प्रश्नानंतर माणूस तीन गोष्टींपैकी एक करतो: चिडतो, हसतो किंवा पाणी मागतो. यांच्यापैकी कोणी काहीच केलं नाही. मग अध्यक्ष उभे राहिले, कमरेत वाकले आणि काहीतरी बोलले.

"माफी मागतायत," भाची म्हणाली.

मी डायरी उघडली. मनात म्हटलं, वा! सत्तावीस वर्षांत इतकी स्वच्छ कबुली नाही मिळाली. नाव लिहितो तोच टोफूवाले उठले. तेही वाकले, अध्यक्षांपेक्षा जरा जास्तच. आणि शेवटी आजोबा उठून इतके वाकले की त्यांची टोपी स्टोव्हवर पडता पडता राहिली.

"तिघांनी मिळून केलं?" मी उत्साहानं विचारलं.

"मामा, पेन खाली ठेवा! माफी म्हणजे त्यांनी केलंय असं नाही. त्यांच्या डोंगरात माझं काम अडलं, मला त्रास झाला, म्हणून माफी. बस उशिरा आली तरी ड्रायव्हर मागतो."

"मग खरा गुन्हेगार काय करतो इथे?"

"तोही माफी मागतो."

मी पेन खाली ठेवलं. कबुली आणि सभ्यता यांत जिथे फरक करता येत नाही तिथे पोलिसानं काय करायचं? मी जे ठाण्यात करायचो तेच केलं: खोली पाहिली. भिंतीवर कॅलेंडर होतं. बारा तारखेभोवती लाल वर्तुळ. मागची पानं उलटली, तर प्रत्येक महिन्यात बारा तारखेला तेच.

"हे काय?"

"सुट्टी," अध्यक्षांनी सांगितलं. "त्या दिवशी डोंगरावर कोणी जात नाही. अकरालाच आम्ही जनावरांसाठी लावलेले फास उचलून ठेवतो."

तेवढ्यात चहा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या भाड्याच्या घरात मी तिचा तक्ता मागितला. भगदाडांचे दिवस तिनं नीट लिहिले होते: सव्विसावा, सत्तावन्नावा, सत्त्याऐंशीवा, एकशे अठरावा, असे.

"ह्या तारखा कुठल्या?"

"तारखा नाहीत. कॅमेरे लावले तो पहिला दिवस, तिथून मोजलेत. संशोधनात असंच मोजतात. तीस-एकतीस दिवसांचं अंतर येतंय, म्हणून मला वाटलं पौर्णिमा. चांदण्यात चोरटी शिकार. पण पौर्णिमेशी जुळत नाही."

"बाळ, पोलीस डायरीत चौथा रकाना नसतो. तारीख, वेळ, ठिकाण. लावले कधी?"

"सतरा एप्रिल."

सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बोटं मोजत तारखा मांडल्या. बारा मे. बारा जून. बारा जुलै. बारा ऑगस्ट. भाची माझ्या खांद्यावरून बघत होती. चौथ्या बाराला तिनं कपाळावर हात मारला.

"पीएचडी केलीये मी, मामा."

"म्हणूनच."

आता मजा बघा. बारा तारखेला सगळे शिकारी खाली असतात. म्हणजे सगळ्या गावाला निर्दोषत्वाचा भक्कम पुरावा. पण सगळ्यांकडे पुरावा असला की पोलीस खूश होत नाही, अस्वस्थ होतो. मी शेवटच्या फोटोंच्या वेळा पाहिल्या. कॅमेरे बाराला नव्हे, आदल्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास आंधळे होत होते, आणि एकाही फोटोत माणूस नव्हता. म्हणजे कॅमेरा कुठे बघतो हे ठाऊक असलेला कोणीतरी झाडाच्या मागून येत होता. भाचीनं हे माझ्या आधी ओळखलं आणि चहाचा कप धुवायला निघून गेली. तो धुतलेलाच होता.

अकरा नोव्हेंबरला आम्ही सापळा लावला. समोरच्या उतारावर, बांबूच्या आडोशाला, दुर्बीण घेऊन. माझा गुडघा पहिल्यांदा बोलला तो तिथेच. अशा कामात पोलीस आणि हरीण बघणारा यांच्यात फरक नाही: वाऱ्याची दिशा बघा, खोकू नका, बिस्किटाचा कागद वाजवू नका. एक मादी आली. पुढचा पाय उचलून तशीच थांबली. ठाण्याच्या दारात खोटी फिर्याद घेऊन आलेला माणूस अगदी असाच थांबतो, पाय हवेत आणि विचार चालू. मग तिच्या शेपटीखालचे पांढरे केस फुलले आणि ती नाहीशी झाली.

तिला पळवणारा माणूस तीन वाजून दहा मिनिटांनी झाडामागून पुढे आला. केशरी टोपी, पाठीवर बंदूक नाही. खारकेसारखा चेहरा.

भाचीनं दुर्बीण खाली केली. "मला बघायचं नाही."

मी पाहिलं. आजोबांनी टोपी काढली. पिशवीतून आपल्या पंच्यासारखं पांढरं सुती कापड काढून झाडाभोवती गुंडाळलं, लहान मुलाला गुंडाळतात तसं, कडा आत खोचून. मग दोन पावलं मागे सरून दोनदा टाळी वाजवली, मान झुकवली, आणि पुढच्या झाडाकडे गेले.

"बंदूक नव्हती," मी म्हणालो.

"उद्या आणतील. झाकलंय कशाला मग?" ती रडतच होती. "मामा, माझीच चूक लिहिते मी. सेटिंग चुकलं म्हणून लिहिते."

"खोटा जबाब माझ्यासमोर लिहायचा नाही. उद्या परत यायचं. गुन्हा काय आहे ते तरी बघू."

बाराला सकाळपासून आम्ही त्याच बांबूत. गावातून एक माणूस वर आला नाही. बंदुकीचा एक बार उडाला नाही. दुपारपर्यंत मी नर, माद्या, एक काळपट डोंगरी बोकडासारखा प्राणी आणि असंख्य चिमण्या पाहिल्या. एक शिंगवाला नर तर कापड बांधलेल्या झाडाला अंग घासून गेला. गुन्ह्याचं ठिकाण, गुन्ह्याची वेळ, आणि गुन्हा गैरहजर. शेवटी मी उतरून पहिल्या झाडापाशी गेलो आणि तिथे माझी ट्यूब पेटली.

भिंग झाकायला चार बोटं चिंधी पुरते. हे चांगलं चार हात कापड होतं. वरच्या बाजूला, भिंगासमोर, ते नुसतंच सैल लोंबत होतं. पण खाली, कॅमेऱ्याला लटकवलेली प्लास्टिकची चिठ्ठी मात्र अशी घट्ट गुंडाळली होती की वारा शिरणार नाही.

"यावर काय लिहिलंय?"

"नियमाप्रमाणे असतं ते. संशोधनाचं नाव, माझं नाव, फोन, वगैरे."

"मग कोणी कॅमेरा झाकत नाहीये. तुझं नाव झाकतंय."

तेराच्या सकाळी आम्ही आजोबांच्या घरी गेलो. ते नुकतेच डोंगरावरून उतरले होते. सहा कापडं घडी करून दारातच ठेवली होती. मुद्देमाल असा इस्त्री केल्यासारखा मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या बायकोनं, आजीबाईंनी, खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाशी बसवलं आणि पर्सिमन सोलायला घेतलं. ते फळ आपल्याकडे क्वचितच दिसतं. टोमॅटोसारखं दिसतं आणि चिकूच्या जवळपास लागतं.

मी म्हणालो, "सांग त्यांना, आम्ही पाहिलं. रागावलेलो नाही. का केलं तेवढं सांगा."

 आजोबा बोलू लागले आणि भाची एकेक वाक्य मराठीत सांगू लागली.

"बारा तारखेला डोंगराची देवी आपली झाडं मोजते. त्या दिवशी वर जो असेल त्यालाही ती झाड समजून मोजते. एकदा मोजला की तो डोंगराचा झाला, परत येत नाही. म्हणून आम्ही जात नाही." त्यांनी भाचीकडे पाहिलं. "आणि सहा झाडांवर ह्या मुलीचं नाव लटकतंय."

हे सांगता सांगता भाचीनं डोळे पुसले. मीच विचारलं, "मग तिला सांगायचं ना, चिठ्ठी काढ म्हणून?"

"नियम आहे म्हणाली होती. नियम मोड असं कसं सांगणार? आणि ही विज्ञानाची मुलगी. हसली असती तर चाललं असतं. पण माझं मन राखायला तिनं कॅमेरे उतरवले असते, तर तिचं काम बुडालं असतं. एक दिवसाचं कापड, त्यानं काय बिघडतं, असं वाटलं."

मग भाचीनं त्यांना सांगितलं की त्या एका दिवसानं काय बिघडत होतं. नोकरी. रिपोर्ट. तक्रार. आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते उठले नाहीत, वाकले नाहीत, नेहमीचे शब्दही म्हणाले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसून राहिले. माफी आणि पश्चात्ताप यांतला फरक मला त्या देशात तेव्हा पहिल्यांदा दिसला, आणि त्याला भाषांतर लागलं नाही.

"आजोबा, मी हसले नसते हो," भाची मराठीतच म्हणून गेली. मग जपानीत म्हणाली. मग दोघंही रडले. मी पर्सिमन खाल्लं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, काळजी नको, काल आख्खा दिवस आम्ही दोघं वर बसून होतो, देवीनं काही केलं नाही. भाचीनं भाषांतर केलं आणि आजीबाईंच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी भाचीचा दंड चाचपून पाहिला. मग माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे, बराच वेळ पाहिलं.

"यांना दोन झाडं धरलं असेल," त्या म्हणाल्या. आजोबा सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले असावेत.

आता या प्रकरणानं मला काय शिकवलं ते लिहायला हवं, तशी पद्धत आहे. नव्या अंमलदारांना मी गुन्ह्याचा हेतू शोधताना सांगायचो, यात कोणाचा फायदा झाला ते बघा. ते अजूनही बरोबर आहे. पण मी नेहमी करणाऱ्याचाच फायदा शोधत आलो. किती जबाब मी त्या सवयीनं चुकीचे वाचले असतील, हे आता मोजायला गेलं तर बारा तारीख पुरणार नाही. त्या दिवशी डोंगरावर कापडाची लांबी मोजली नसती, तर एका म्हाताऱ्याची बंदूक मी मोठ्या समाधानानं जमा करवली असती आणि पोरीनं मला जन्मभर मामा म्हटलं असतं, पण वेगळ्या आवाजात.

राहिला रिपोर्ट.

"काय लिहू?" भाचीनं विचारलं.

"घडलं ते. तारीख, वेळ, हेतू. आणि पुढच्या महिन्यापासून अकराला कॅमेरे तू स्वतः उतरव, आजोबांना घेऊन. दर महिन्याला सुट्टीचा एक दिवस, आधीच जाहीर केलेला. भगदाड आपण पाडलं तर ते भगदाड नाही, पद्धत आहे."

"सेन्सेई मानणार नाहीत. देवी, झाडं, मोजणी... ते टोकियोचे आहेत, मामा. कागदावर आकडा नसेल तर पाऊससुद्धा मानत नाहीत."

"लाव फोन."

तिनं तिथेच, आजोबांच्या ओसरीवर उभं राहून फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. मी शेजारी, कान देऊन. भाची एका हातानं फोन सांभाळत मला हळूच मराठीत सांगत होती. आजोबा आत, पाठ ताठ. आजीबाईंनी सोलणं थांबवलं होतं. भाचीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मी घड्याळ पाहिलं, एक मिनिट होत आलं होतं. आरोपी कोसळण्यापूर्वी जशी असते तशी शांतता, पण इथे आरोपी कोण तेच कळत नव्हतं.

मग सेन्सेई कोरड्या, अधिकृत आवाजात बोलले. तक्रारीचं कारण दिसत नाही. तारखा घालून नवा तक्ता पाठवा. सुट्टीचा दिवस कार्यपद्धतीत नमूद करा. मुदतवाढीचा अर्ज मी पुढे पाठवतो.

भाचीनं डोळे मिटले. आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तोच माणूस अगदी वेगळ्या, घाईच्या आवाजात ओरडला:

"त्या चिठ्ठीवर खाली माझंही नाव आहे, तेसुद्धा झाकलं होतं ना?"